थांबण्याची किंमत

२०२० सालच्या ऑगस्टच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने घरखरेदीवरचे मुद्रांक शुल्क तात्पुरते कमी केले. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात तीन टक्क्यांची सूट आणि पुढे मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांची, असा तो निर्णय होता. टाळेबंदीने बसलेल्या बांधकाम व्यवसायाला हात देण्यासाठी घेतलेल्या या निर्णयाची वेळ पंचांगाच्या दृष्टीने मात्र अगदी प्रतिकूल होती. २ सप्टेंबरला पितृपक्ष लागला, १७ तारखेला सर्वपित्री अमावास्या झाली, आणि एरवी ज्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना होऊन बाजार पुन्हा उघडतो, तिला लागूनच त्या वर्षी अधिक आश्विन सुरू झाला. घटस्थापना थेट १७ ऑक्टोबरला होती. सवलत सुरू झाल्यापासूनचा जवळजवळ दीड महिना, आपल्याकडे घर, गाडी किंवा दागिना घेऊ नये असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, अशा काळात गेला.

मी तेव्हा पुण्यात एका बँकेच्या गृहकर्ज विभागात होतो. पितृपक्षात आमच्या विभागात किती शुकशुकाट असतो हे बाहेरच्या माणसाला सांगून खरे वाटणार नाही. कर्ज मंजूर झालेले असते, कागदपत्रे तयार असतात, बिल्डरचा माणूस धनादेशासाठी रोज विचारत असतो आणि ग्राहक नम्रपणे म्हणतो, ‘पंधरा दिवस थांबू या.’ कोणी कारण विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरीही तेच चालते. त्या वर्षी तर एका पंधरवड्याच्या जागी दीड महिना होता. आम्ही धरून चाललो होतो की आता जी काही वर्दळ होईल ती नवरात्रातच.

तसे झाले नाही. मुंबईत त्या सप्टेंबरमधली घरांची नोंदणी ऑगस्टच्या जवळपास दुप्पट झाली, आणि पुण्यात आमच्या टेबलावरही माणसे येऊ लागली. टाळेबंदीत अडकलेले व्यवहार त्यात होते हे खरे आहे, आणि सगळे श्रेय सवलतीला देता येणार नाही. पण सवलत डिसेंबरपर्यंत होती, नवरात्र ऑक्टोबरच्या मध्यावर होते, तेव्हा पंचांग पाळूनही ती पूर्ण पदरात पडली असती. तरीही बरेच लोक थांबले नाहीत. साठ लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये, हा आकडा प्रत्येकाने घरी बसून काढला होता, आणि एकदा तो समोर आल्यावर हवा तो फ्लॅट दुसरा कोणी घेऊन जाईल, बिल्डर दर वाढवील, शेवटी शेवटी नोंदणी कार्यालयात गर्दी उसळेल, अशा सगळ्या शक्यताही त्यांना रुपयांत दिसू लागल्या होत्या.

त्या दिवसांतले एक कुटुंब माझ्या चांगले लक्षात आहे. मुलगा, सून आणि मुलाची आई असे तिघे आले होते. मुलाला आईचे मन दुखवायचे नव्हते, म्हणून तो माझ्याकडूनच काहीतरी वदवून घेण्याच्या बेतात होता. ‘आई, साहेबांनाच विचार, नंतर केलं तर चालेल का,’ असे त्याने दोनदा म्हणून पाहिले. आईने चष्मा काढून पदराला पुसला आणि मलाच सांगितले, ‘नोंदणी म्हणजे कागद. कागदाला कसला आलाय पितृपक्ष? तो उद्या करा. कलश आम्ही घटस्थापनेनंतर ठेवू, तोवर कुलूप उघडणार नाही.’ करारनामा पितृपक्षातच नोंदवला गेला आणि गृहप्रवेश नवरात्रात झाला. त्या बाईंनी श्रद्धा सोडली नाही आणि पैसेही सोडले नाहीत. दोन्हींच्या जागा त्यांनी वेगळ्या केल्या.

पैशाच्या व्यवहारात शकुन, मुहूर्त आणि भविष्य यांचे वजन किती, हा प्रश्न मला नोकरीमुळे वर्षानुवर्षे भेटत आला आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या समजुतींचा सगळ्यांत महाग सल्ला ‘थांबा’ हा असतो. ‘करा’ असा सल्ला दिला आणि तो चुकला तर नुकसान दिसते, त्याची पावती असते, घरात त्यावरून भांडण होते. ‘थांबा’ या सल्ल्याची पावती कोणाकडेच नसते. न झालेल्या व्यवहारात किती गेले हे कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून तो सल्ला फुकट वाटतो. प्रत्यक्षात त्याची रोजची आकारणी चालू असते.

मुहूर्ताला माझा सरसकट विरोध नाही, आणि तो असावा असे मला वाटतही नाही. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी आणि अर्धा मुहूर्त मानली जाणारी बलिप्रतिपदा, या साडेतीन मुहूर्तांना घरात गुंजभर सोने येत असेल तर त्या निमित्ताने एखाद्या गृहिणीच्या नावावर काहीतरी शिल्लक पडते, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांची तेवढीच स्वतःची म्हणावी अशी पुंजी असते. मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. त्या तासात बहुतेक लोक दोन-चार समभाग घेऊन हात जोडतात, त्याने कोणाचे घर बुडत नाही. व्यवहार आधीच ठरलेला आहे, रक्कम ठरलेली आहे, केवळ दिवस निवडायचा आहे, अशा ठिकाणी मुहूर्त आनंदाचे काम करतो. व्यवहार करायचा की नाही, किती कर्ज काढायचे, माल विकायचा की ठेवायचा, धंदा चालू ठेवायचा की बंद करायचा, हे जेव्हा भविष्यावर ठरू लागते तेव्हा मला काळजी वाटते.

इथे एक भेद करून ठेवायला हवा. पैशाचा पाऊस पाडून देतो, पुरलेले धन काढून देतो, असे सांगून लुबाडणाऱ्यांविषयी मी बोलत नाही. त्यांच्यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर आधी वटहुकमाच्या रूपाने आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो संमत केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. पण कर्जाच्या टेबलासमोर मला भेटलेली माणसे या कायद्याच्या कक्षेत बसणारी नव्हती. त्यांना कोणी फसवले नव्हते. त्यांना सल्ला देणारा माणूस बहुधा सज्जन होता, दक्षिणाही बेताची घेत होता, आणि त्याचा स्वतःच्या सांगण्यावर पूर्ण विश्वास होता.

एका कापड दुकानदाराचे उदाहरण देतो. दुकान जुने होते आणि पेठेत त्याचे नाव होते. रस्ता रुंद झाला, समोर वाहने उभी करायला बंदी आली, लग्नाचा बस्ता बांधायला येणारी कुटुंबे मोठ्या दालनांकडे वळली, आणि विक्री दर हंगामाला उतरत गेली. कॅश क्रेडिटचे, म्हणजे मालाच्या तारणावर उचल देणारे, खाते मर्यादेला टेकलेले होते. मी त्यांना सुचवले की आज माल, गाळा आणि गिऱ्हाइकी यांना किंमत आहे तोवर दुकान विकावे किंवा निम्मा गाळा भाड्याने द्यावा. ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, पत्रिका दाखवली आहे. शनी हलेपर्यंत दम धरायला सांगितलंय. नंतर दिवस चांगले आहेत.’ शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो, बँकेत नव्वद दिवस व्याज थकले की खाते अनुत्पादित, म्हणजे थकीत कर्जाचे, ठरते. या दोन कालगणनांची गाठ कुठे पडणार? त्यांनी दम धरला, मधल्या काळात पत्नीचे दागिने तारण ठेवून दुकानात घातले, आणि शेवटी गाळा विकला गेला तेव्हा त्यातून कर्ज फिटून हाती फारसे उरले नाही. पत्रिका पाहणाऱ्याने त्यांचे खतावणीचे पुस्तक कधी मागितले नव्हते. समोरचा रस्ता रुंद झाल्याचे त्याला कोणी सांगितलेही नसेल.

वास्तुशास्त्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यातला खर्च निदान डोळ्यांना दिसतो. दक्षिणेला दार असलेला फ्लॅट नाकारण्याची किंमत कधी कधी उलट फायद्याची ठरते, म्हणजे ज्याला त्याचे काही वाटत नाही त्याला तो घासाघीस करून स्वस्तात मिळतो. नुकसान होते ते घर घेतल्यानंतर. ओटा आग्नेयेला हवा म्हणून भिंत फोडायची, सांडपाण्याचा नळ नव्याने फिरवायचा, त्यासाठी चालू कर्जावर वाढीव कर्ज मागायचे, आणि वर्षभरात खालच्या मजल्याच्या छताला ओल आली की तो वाद सोसायटीच्या सभेत न्यायचा, अशी प्रकरणे आमच्याकडे नेहमी येत. घरदुरुस्ती म्हणून मागितलेल्या कर्जाच्या अर्जावर ‘वास्तुदोष’ असा रकाना नसतो, त्यामुळे हा पैसा कुठल्याच हिशेबात या नावाने दिसत नाही.

पुढे माझी बदली वऱ्हाडात झाली, आणि शहरात जे मला सवयीचे वाटत होते ते तिथे फार वेगळ्या वजनाने समोर आले. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. चंद्रभान महाराज वाघ यांच्यापासून चालत आलेली, साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगितली जाणारी घटमांडणी तिथे अक्षय्य तृतीयेला होते. सूर्यास्ताच्या सुमारास गावाबाहेरच्या शेतात धान्यांचा मोठा गोल मांडतात. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, बाजरी, सरकी, करडी, मसूर, भादली अशी अठरा धान्ये त्यात असतात. मधोमध खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर आणि भोवती पुरी, पापड, भजी, कुरडई, सांडई, आणि विड्याच्या पानावर सुपारी. रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज येऊन पाहतात की कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते दाणे जागचे हलले, कोणते गोलाबाहेर गेले, पानावरची सुपारी जागेवर आहे का. त्यावरून कोणत्या महिन्यात पाऊस कसा, कोणते पीक कसे, कशाला तेजी आणि कशाला मंदी, हे सांगितले जाते. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातून हजारो शेतकरी त्या पहाटे तिथे उभे असतात. दाणे वाऱ्याने हलतात, मुंग्या आणि पाखरे ते नेतात, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवून दिले आहे आणि भाकितांना आव्हानही दिले आहे. तरी गर्दी हटलेली नाही.

ती का हटत नाही हे समजायला अक्षय्य तृतीयेचा काळ पाहावा लागतो. एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला पंधरवडा. पीककर्जाचे नूतनीकरण याच वेळी चालू असते, कृषी सेवा केंद्रात बियाणे यायला लागलेले असते, मक्त्याने घ्यायच्या शेताचे बोलणे होत असते. कपाशी किती एकर, सोयाबीन किती, तूर कशात आंतरपीक घ्यायची, हे याच दिवसांत ठरते, आणि घरातली वर्षाची सगळी रोकड त्या एका निर्णयात जाते. अशा वेळी हवामान खाते काय सांगते? एप्रिलच्या मध्याला पहिला अंदाज येतो आणि मेच्या अखेरीस सुधारित. देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सामान्य, अशा भाषेत तो असतो. हा अंदाज खरा ठरला तरी संग्रामपूरच्या किंवा शेगावच्या शेतकऱ्याच्या चार एकरांवर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस असेल का, याचे उत्तर त्यात नसते. भेंडवळ ते उत्तर देते. महिना सांगते, पीक सांगते, भाव सांगते. शेतकऱ्याला हव्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारे दुसरे कोणीच त्या दिवसांत त्याच्यासमोर नसते, ही गोष्ट त्याच्या भोळेपणाच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो, हा अन्याय आहे.

दोन्हींत एक मोठा फरक मात्र आहे, आणि तो मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. हवामान खात्याची चूक नोंदवली जाते. २००२ साली खात्याने सामान्य पावसाचा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात देशभरात सरासरीच्या १९ टक्के कमी पाऊस होऊन दुष्काळ पडला. त्यानंतर सोळा घटकांवर आधारलेली अंदाजाची जुनी पद्धत बाजूला ठेवून २००३ पासून नवी आणली गेली. घटमांडणीचे जुने निकाल एका वहीत मांडून शेजारी त्या त्या वर्षीचा पाऊस आणि भाव लिहिलेले कोणी मला दाखवले नाही. ‘पीक साधारण’, ‘पाऊस कुठे कमी कुठे जास्त’, ‘भावात चढउतार’ अशा विधानांची पडताळणी करणेही अवघड असते. लक्षात राहते ते जुळलेले, आणि चुकलेले पुढच्या पेरणीत बुजून जाते.

अशी मोजणी ज्योतिषाच्या बाबतीत महाराष्ट्रात एकदा झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००८ साली पुण्यात एक चाचणी घेतली गेली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले यांच्या कुंडल्या जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या, आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणारे ज्योतिषी २७ होते. त्यांच्या बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. मुलाची बुद्धी ही जन्मभर टिकणारी गोष्ट जर कुंडलीत दिसत नसेल, तर पेठेतल्या दुकानाची पुढच्या सालची विक्री तिच्यात कशी दिसणार, हा प्रश्न मी त्या दुकानदारांना विचारला होता. ते रागावले नाहीत. ‘तुमचं बरोबर असेल साहेब, पण तुम्ही दुकान बंद करा म्हणता, ते म्हणतात धीर धरा. मी कोणाचं ऐकू?’ असे ते म्हणाले. या प्रश्नाचे उत्तर तर्काने द्यायचे नव्हते, हे मला तिथे कळले. व्याज, भाडे आणि नोकरांचे पगार धरून दुकान उघडे ठेवण्याचा दर महिन्याचा खर्च कागदावर मांडून तो त्यांच्या हातात द्यायला हवा होता.

वऱ्हाडातच मी पाणाड्याचे काम जवळून पाहिले. विहिरीला किंवा बोअरला जागा दाखवणारा हा माणूस तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून सावकाश चालतो, मागे घरातली सगळी माणसे चपला काढून चालत असतात, आणि नारळ हातावर उभा राहिला की तिथे चुन्याची खूण करतात. कोणी उंबराची दुबेळकी फांदी वापरतो. खाली काळा कातळ असतो. त्यात पाणी असते ते भेगांमध्ये, झिजून भुसभुशीत झालेल्या थरात, दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. ओढ्याजवळच्या, सखल शेतात अशी जागा अनेक ठिकाणी सापडते, त्यामुळे पाणाड्याचा नारळ तिथे बहुधा खरा ठरतो. चढावरच्या शेतात तो खोटा ठरतो, आणि नेमकी तिथल्याच शेतकऱ्याला पाण्याची निकड जास्त असते. राज्यात १९७२ पासून भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, तिचे भूवैज्ञानिक जागेची पाहणी करून सल्ला देतात, पण अर्ज करायचा, तालुक्याला खेटे घालायचे, वाट पाहायची. बोअरची गाडी शेजारच्या गावात आलेली असते, उद्या ती निघून जाणार असते, आणि पाणाड्या संध्याकाळी हजर असतो. इथे भाकीत शेतकऱ्याला थांबायला सांगत नाही, घाई करायला लावते. कोरडी बोअर मारण्याचा खर्च फुटावर मोजून त्याच दिवशी द्यावा लागतो. तरीसुद्धा तो पाणाड्याच्या नावावर मांडला जात नाही. ‘पाणी होतं, पण गाडीवाल्यानं चार हात सरकून मारली,’ असे त्याच बांधावर उभे राहून सांगितलेले मी ऐकले आहे, आणि ऐकणाऱ्या माणसाने मान डोलावलेलीही पाहिली आहे. चाळीस हजारांचे कर्ज डोक्यावर झालेल्या माणसाला त्या क्षणी आपण जागा चुकीची निवडली असे मानण्यापेक्षा यंत्र चुकले असे मानणे सुसह्य वाटत असावे. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

कापसाची गोष्ट मात्र मला सर्वांत जास्त छळत राहिली. २०२२ च्या पूर्वार्धात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात वेचणी झाली तेव्हा भाव त्यापेक्षा कमी होते, आणि जवळजवळ प्रत्येक घराने कापूस ठेवून दिला. कोणी मांडणीचा हवाला देई, कोणी एखाद्या महाराजाचा, कोणी केवळ गेल्या सालच्या भावाचा. ‘औंदा तेजी येईनच सायेब’ हे वाक्य मात्र सगळ्यांचे सारखे होते. वसुलीच्या निमित्ताने मी घरोघर गेलो. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचलेला, बसायला जागा नाही म्हणून खाट अंगणात टाकलेली, आणि रात्री त्याच खोलीत निजणाऱ्या पोरांच्या हातापायांवर खाजेचे लाल पुरळ उठलेले. घरातली बाई कापसाच्या ढिगाकडे न पाहता सांगायची, ‘दवाखान्यात दोनदा नेलं. मलम देलं, पन कापूस हाये तोवर काय फरक पडते?’ भाव वर गेले नाहीत. फेब्रुवारी गेला, मार्च आला आणि ते उतरत राहिले.

थांबण्याची किंमत इथे अगदी नेमकी होती, आणि ती कोणालाच ठाऊक नव्हती. आमच्याकडच्या खरीप पीककर्जाची मुदत ३१ मार्चला संपत असे. त्याआधी पैसे भरले तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतली सवलत मिळून तीन लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज शून्यावर येते. १ एप्रिल उजाडला की ही सवलत गेली आणि किमान सात टक्के लागले. दोन लाखांच्या कर्जावर वर्षाचे ते चौदा हजार होतात. घरात वीस क्विंटल कापूस असेल तर केवळ हे व्याज भरून निघायला क्विंटलमागे सातशे रुपये भाव वाढायला हवा, आणि तोवर कापूस वाळून त्याचे वजनही घटत असते. खाते थकले की पुढच्या खरिपाचे कर्ज अडते, मग बियाण्यासाठी सावकाराकडे किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर जावे लागते, आणि तिथला दर सात टक्के नसतो.

त्या वर्षी उशीर झाला होता. पुढच्या वर्षी मी जानेवारीपासूनच हा हिशेब प्रत्येकाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर त्याच्या कर्जाच्या रकमेने मांडून देऊ लागलो. मांडणीविषयी मी एक शब्द बोललो नाही. साठीच्या पुढचे एक माळकरी गृहस्थ होते, दर अक्षय्य तृतीयेला न चुकता भेंडवळला जाणारे. त्यांनी पासबुक नातवाकडून दोनदा वाचून घेतले आणि बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजले. ‘म्हंजे सातशे तर तुमच्या बँकेलेच पायजेत. तेजी मंग माह्या हातात येईन कवा?’ असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘बाबा, कर्जापुरता विका. बाकीचा तुमच्या मनाला येईल तेव्हा.’

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कर्जाच्या भरण्याइतका कापूस खेड्यावर आलेल्या व्यापाऱ्याला मोजून दिला, पैसे भरून पावती घेतली, आणि उरलेला कापूस पुढच्या खोलीतून काढून गोठ्याच्या माडीवर रचून ठेवला. तो ते तेजीची वाट पाहून विकणार होते, आणि मांडणीला नेहमीप्रमाणे जाणार होते. त्यांच्या सुनेने मला चहा देताना सांगितले की पोरे आता खोलीत निजतात.